खुणा नसलेलं बाळ

या, अशा पुढं सरकून बसा. त्या खांबाआड गेलात तर बुवांचे हात दिसायचे नाहीत, आणि निम्मं कीर्तन तर हातांतच असतं. तबलजींना हातोडी सापडत नाहीये, म्हणजे अर्धा-पाऊण तास कुठं जात नाही. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. पुराणातली नव्हे, मिरजेतल्या आमच्या प्रयोगशाळेतली. सात वर्षं झाली तिला. ऐकून मला नावं ठेवलीत तरी चालेल. माझी मीच किती ठेवलीत!

"तारळेकर मॅडम, तुमचं बाळ कोरं आलंय."

मंगळवार होता. मी डबा उघडून नुकता पहिला घास मोडला होता. समोर निखत मुजावर उभी. सव्वीस वर्षांची, दर्ग्यामागच्या गल्लीतली, बंगळुरात शिकून आलेली. आमच्याकडे संगणकावर निकाल वाचायचं काम तिचं. एरवी मला कुमुदताई म्हणायची. तारळेकर मॅडम म्हणाली की समजायचं, भांडण आहे.

"कोरं म्हणजे?"

"कोरं म्हणजे कोरं. एक खूण नाही. नमुना केलात कसा?"

"चोवीस वर्षं करते तसा. जेवू देशील?"

"जेवा की. मी काय भाकरी ओढून घेतली?"

आता हे खुणांचं प्रकरण तुम्हाला सांगायला हवं. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबच लांब पोथी, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण त्यातल्या काही अक्षरांवर शरीर स्वतः एक बारीक रासायनिक खूण चिकटवतं. अक्षर बदलत नाही. खूण असली की तो मजकूर मिटलेला, नसली की उघडा. आपल्या बुवांची वही बघितलीय ना? अभंगाच्या ओळींवर पेन्सिलीच्या खुणा असतात, इथं थांबा, इथं वर चढा. शब्द तेच, पण गायचं कसं ते त्या खुणा सांगतात. तसंच हे. आमच्या जुन्या यंत्रांना नुसती अक्षरं कळायची. नवं यंत्र आलं ते स्टेपलरएवढं. त्यात डोळ्याला न दिसणारी छिद्रं, छिद्रातून डीएनएचा एकेक धागा सरकतो आणि सरकताना वीज थरथरते. खूण असलेलं अक्षर जरा निराळं थरथरतं. ती थरथर वाचायची निखतनं, आणि धागे रक्तातून वेगळे करून द्यायचे मी.

बाळ होतं जत भागातलं. मुलगी, चाळीस दिवसांची. बारसंसुद्धा झालं नव्हतं, बाळी म्हणायचे. कापडाच्या बाहुलीसारखी लुळी. दूध ओढायची ताकद नाही, म्हणून नाकातून नळी. बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं, अमुक एका ठिकाणच्या खुणा बघा. त्या ठिकाणाची गंमत अशी, की आईकडून आलेल्या प्रतीवर खुणा असतात आणि बापाकडून आलेल्या प्रतीवर नसतात. म्हणजे धडधाकट माणसात निम्म्या धाग्यांवर खुणा, निम्मे कोरे. सगळ्याच धाग्यांवर खुणा आल्या तर एक आजार. एकाही धाग्यावर नाही आली तर दुसरा. नावं परदेशी डॉक्टरांची आहेत, जीभ वळत नाही. आपण पहिला आणि दुसरा म्हणू. पहिल्यात बाळ आधी लुळं असतं, पण नळीनं तगवलं तर काही महिन्यांत दूध ओढतं, पुढं उशिरा का होईना चालतं, बोलतं. दुसऱ्यात झटके येतात, आणि बोलणं जवळजवळ येतच नाही.

हीच तपासणी बंगळुराला पाठवली तर तीन आठवडे. आणि बाळाच्या आजोबांनी वॉर्डात सांगून टाकलं होतं, "शनवारपत्तुर थांबतो. मग गावाकडं. नशिबात असंल तसं हुईल." गावाकडं नळी कोण बघणार? बाळाची आई, महानंदा, बावीस वर्षांची. तिला एकच हवं होतं. ही तगेल का, आणि तगली तर कोण म्हणून तगेल, ते शनिवारच्या आत कळायला हवं होतं.

म्हणून आमच्या उमराणीकर सरांनी इथंच तपासायची जोखीम घेतली. सर आमचे प्रमुख. मनानं साखर, पण निकाल बिघडला की अंगात फौजदार संचारायचा. निखतचं 'कोरं' ऐकून ते तडक आले.

"थंड पेटी कुणी उघडी ठेवली?"

"कुणी नाही, सर."

"परवा वीज गेली होती."

"परवा रविवार. नमुना सोमवारी आला."

"मग सोमवारी गेली असेल."

"सोमवारी नव्हती गेली, सर. मी पंख्याखाली बसले होते."

"मॅडम, तुम्ही पंख्याचं सांगू नका, पेटीचं सांगा."

बोला आता! त्या आठवड्यात देवळात नाशिककडच्या बुवांची पाच दिवसांची कीर्तनं होती. वर्षभर वाट बघितलेली. मंगळवारी सरांच्या चौकशीपायी माझा पूर्वरंग बुडाला. देवळात पोचले तेव्हा बुवा आख्यानाच्या मध्यावर, आणि कोण कुणावर का रुसलंय हे शेजारणीला विचारावं लागलं. ती म्हणाली, "आधी यायचं की." मी चरफडत बसले.

बुधवारी सरांनी फर्मान काढलं, यंत्रातली छिद्रांची चकती बदला, नवी घाला, पुन्हा चालवा.

"बाळाचं आहे ना शिल्लक?" सरांनी विचारलं.

"दहा वेळा पुरेल एवढं आहे," मी ठसक्यात म्हणाले. "माझ्याकडचा नमुना कधी संपलाय का?"

"ह्याला म्हणतात हात," सर निखतला म्हणाले. "शिका जरा."

निखतनं माझ्याकडं बघितलं नाही. दुपारी निकाल आला. कोरं.

मग संगणकाची पाळी. सर म्हणाले, तुमची ती वाचायची प्रणाली जुनी असणार. निखत म्हणाली, गेल्या महिन्यात नवी घातली. सर म्हणाले, मग नवीच बिघडलेली असणार, जुनी घाला. तिनं जुनी घातली. कोरं. शेवटी ती खुर्ची मागं ढकलून उठली, बाही वर केली आणि हात माझ्यापुढं धरला.

"माझं काढा. नळी भरून काढा. माझ्या खुणा दिसल्या तर यंत्राला शिव्या देणं बंद करा."

"तुझ्या रक्तात तिखटच निघायचं," मी म्हणाले.

"निघू दे. तुमच्या आमटीत उपयोगी पडेल."

नळी भरून रक्त काढलं, धागे वेगळे केले, तिच्या हवाली केले. गुरुवारी सकाळी तिनं पडदा सरांकडं वळवला. निम्म्या धाग्यांवर खुणा, निम्मे कोरे. पुस्तकात असावं तसं.

"म्हणजे यंत्र बरोबर," सर म्हणाले.

"बरोबर."

"प्रणाली बरोबर."

"बरोबर."

"मॅडमचा हात तर बरोबरच. मग बाळच तसं. एकाही धाग्यावर खूण नाही, म्हणजे दुसरा आजार. संपलं."

"सर, थांबा. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळ बघून पहिला वाटतो. आपण ती एकच जागा बघितलीय. बाकीचं मला बघू द्या."

"बाकीचं कशाला? चिठ्ठीत जागा एकच आहे. परवा ती माणसं निघणार, निखत. त्यांना आज काहीतरी कळायला नको? लेखी नंतर देऊ. तोंडी सांगून येतो."

आणि गेले. मला, खरं सांगते, हायसं वाटलं. चला, सुटलो. आज तरी पूर्वरंग मिळेल.

मिळाला नाही. वॉर्डाच्या बाहेर नळ आहे, तिथं महानंदा दुधाची पिचकारी धूत बसली होती. सोमवारी मला बघितलेलं, म्हणून ओळखलं.

"अक्का, मोठं डॉक्टर येऊन गेलं. म्हनलं, बोलनार न्हाई ही. कदीच. खरं काय वो?"

मी म्हणाले, "बाई, यंत्र खोटं बोलत नाही."

ती पिचकारी धूतच राहिली. धुऊन झाली तरी धूतच होती.

"मामा म्हनत्यात, मग नळी कशाला ठिवायची," ती म्हणाली. मामा म्हणजे तिचे सासरे, बाळीचे आजोबा. "शनवारची वाट बी बगू नगं म्हनत्यात."

त्या संध्याकाळी कीर्तनात बसले खरी, पण बुवांनी काय सांगितलं ते विचारू नका. मी आपली मनातल्या मनात एकेकाला झोडत होते. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंना, एवढंसं यंत्र बनवणाऱ्यांना, घाई करणाऱ्या सरांना, फाटे फोडणाऱ्या निखतला. समोर मूर्ती होती, तिलाही सोडलं नाही. म्हटलं, पोथी दिलीस ती दिलीस, वर खुणा कशाला करून ठेवल्यास?

शुक्रवारी गेल्या गेल्या निखतनं दार लोटून घेतलं.

"ताई, बसा."

ताई म्हणाली. मला ते बरं लक्षण वाटलं नाही.

"आता काय राहिलं?"

"सरांनी एक गल्ली बघितली. मी काल आणि आज सकाळी सगळं गाव फिरले. गुणसूत्रांच्या तेवीसच्या तेवीस जोड्या. कुठंही खूण नाही."

"म्हणजे आजार वाढीव आहे."

"आजार नाही. असं माणूसच नसतं, ताई. कुठंच खुणा नसतील तर बाळ आईच्या पोटातच धरायचं नाही. ते वॉर्डात आहे ना? श्वास घेतंय ना?"

"घेतंय."

"मग हे जे पडद्यावर आहे ते तिचं नाही."

माझं डोकं फिरलं. "नमुना बदलला म्हणतेस? माझ्या हातून? चोवीस वर्षांत एक चिठ्ठी इकडची तिकडं झाली नाही, आणि तू काल आलेली पोर मला..."

"ओरडू नका. बदलला नाही. काल तिच्या आईचं रक्त मागवून अक्षरं पडताळली, जुळतात. मला फक्त सांगा, माझ्या रक्ताचं काय काय केलंत? ओळीनं."

मी सांगितलं. पेशी फोडल्या, धागे बाजूला काढले, धुतले, मोजले, दिले.

"आणि बाळाच्या?"

"तेच."

"तेवढंच?"

"तेवढंच. वही बघ की."

तिनं वही बघितलीच होती, समोर उघडी होती. तिनं ती मिटली. मग अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं.

"ताई, बाळाचं रक्त किती होतं?"

"किती असणार? चार थेंब. सिस्टरनं दोन्ही हात टोचले, एक पाय टोचला, शीर सापडेना. दुसरा पाय धरला तर ती आई म्हणाली, अक्का, आता बास की वो. मला बघवेना. मीच सिस्टरला म्हटलं, ठेवा, एवढ्यात भागवते."

"चार थेंबांत यंत्र एकदा कसंबसं चालतं. तुम्ही बुधवारी सरांना म्हणालात, दहा वेळा पुरेल एवढं आहे. ते कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? वाढवून घेतलं."

शब्द तोंडातून गेला आणि मी ती मिटलेली वही पुन्हा उघडली.

नमुना थोडा असला की तो वाढवायचा, हे आमच्या हातांना लागलेलं वळण. नळीत चार थेंबांचे धागे टाकायचे, सुटी अक्षरं टाकायची, नक्कल करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, टाकायचं, आणि जरा ऊब देऊन ठेवायचं. सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत एकाचे लाखो. चोवीस वर्षं मी हेच करत आले. त्यानं किती जणांचं दुसऱ्यांदा टोचणं वाचलं. अक्षरं वाचायची असतात तोवर त्यात काहीच चूक नाही, नक्कल अक्षर न् अक्षर बरोबर उतरते. पण ते विकर बाटलीतली सुटी, कोरी अक्षरं उचलतं आणि जोडतं. खुणा करायच्या असतात हे त्याच्या गावीही नसतं. खुणा शरीर करतं. त्या मूठभर खऱ्या धाग्यांना मी माझ्या हातानं लाखो कोऱ्या धाग्यांत बुडवलं होतं, आणि चार दिवस सगळे मिळून त्या कोऱ्या नकला वाचत होतो.

"वहीत का नाही लिहिलंत?" निखतनं विचारलं.

"भात केला म्हणून लिहिताना तांदूळ धुतले हे कोण लिहितं गं?"

एवढी फटकळ पोर, चार दिवस माझ्याशी शब्दाला शब्द लावणारी. आता तिची पाळी होती, चांगली पाच मिनिटं ऐकवू शकली असती. मी वाट बघत होते, ऐकव बाई एकदाची. तिनं नुसता पाण्याचा पेला पुढं सरकवला.

"सरांना मी सांगते," ती म्हणाली.

"तू सरांना सांग. मी वॉर्डात जाते."

जिना उतरताना कुणावर चिडावं तेच कळेना. आठवडाभर जिच्यावर चिडायचं ती सोडून बाकी सगळ्यांवर चिडून झालं होतं.

वॉर्डात पोचले तर आजोबा, शिवलिंगाप्पा त्यांचं नाव, टेबलापाशी सही करत होते. पिशव्या भरून दाराशी. सिस्टर हातमोजे घालत होती.

"काय करताय?" मी विचारलं.

"नळी काढायला सांगितलीय त्यांनी. घरी नेतायत."

"काढू नका. मामा, जरा थांबा. काल तुम्हाला सांगितलं ते चुकीचं होतं."

म्हाताऱ्यानं पेन खाली ठेवलं. "कोन चुकलं?"

"मी."

"परवा म्हनला यंत्र बिगडलं. काल म्हनला प्वार बिगडली. आज म्हनता तुमी. उद्या कोन हाय?"

"उद्या कुणी नाही. चूक माझीच आहे."

"बरं. मग खरं काय ते सांगा."

"ते माहीत नाही, मामा. पुन्हा रक्त घ्यावं लागेल. जास्त घ्यावं लागेल."

"अजून टोचनार!" त्यांचा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. "शिकायला आनलंय काय आमचं लेकरू? महानंदा, उचल पोरगीला. चला!"

महानंदा खाटेवर बसली होती, बाळी मांडीवर. ती उठली नाही. माझ्याकडं बघत होती.

"अक्का, चुकलं कसं?"

खोटं बोलायची सोय नव्हती. म्हणाले, "तू सोमवारी बास म्हणालीस. मला तिची दया आली. म्हणून थोडं घेतलं, आणि त्या थोड्याचंच वाढवून पुष्कळ केलं. ते तसं करायचं नव्हतं."

तिनं दुपट्याची गाठ सोडली. बाळीचा पाय, एवढुसा, निळे डाग पडलेला, बाहेर काढला आणि स्वतःच्या मुठीत घट्ट धरून माझ्यासमोर केला.

"आता भागवू नगा," ती म्हणाली. "लागंल तेवडं घ्या. माज्या तोंडाकडं बगू नगा. पायाकडं बगा."

सिस्टरनं शीर शोधली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली. बाळी रडली म्हणायला रडली, मांजराच्या पिलासारखा एक बारीक सूर. महानंदा खिडकीबाहेर बघत होती, मूठ सैल केली नाही. शिवलिंगाप्पा बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी नळीकडं बघत राहिले. भरेपर्यंत बघितलं.

त्या दिवशी देवळाकडं पाय वळले नाहीत. धागे काढले, धुतले, मोजले, आणि प्रत्येक पायरी वहीत लिहिली, हात धुतला तेसुद्धा. निखत शेजारी उभी राहून म्हणाली, "ताई, श्वास घेतला ते लिहायचं राहिलं." मी हसले नाही, पण बरं वाटलं.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं पडद्यासमोर. सर एरवी उभे राहायचे, आज बसले होते. निखतनं आधी सगळं गाव फिरवलं. खुणाच खुणा. मग ती गल्ली उघडली. वरपासून खालपर्यंत, एकेक धागा. तिनं बोटानं मोजले. सदतीस धागे. सदतीसच्या सदतीसांवर खुणा.

"पहिला," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला. "मी घाईनं सांगून आलो होतो," ते म्हणाले. "मीच जातो." आणि मग माझ्याकडं न बघता, "मॅडम, चला."

शिवलिंगाप्पा ऐकायला आले ते हाताची घडी घालून. सरांनी आधी माफी मागितली, साधी, कारणं न देता. मग सांगितलं. नळी अजून दोन-तीन महिने लागेल. मग ताकद येईल, दूध ओढेल. बसेल, चालेल, सगळं उशिरा. आणि बोलेल.

"आई म्हनंल?" महानंदानं विचारलं.

"म्हणेल."

"मामा, ऐकलासा?"

"ऐकतोय," म्हातारा म्हणाला. "फुडचं सांगू दे. डाक्टरच्या तोंडावर अजून कायतर हाय."

होतंच. सर खुर्ची ओढून बसले. "आणखी एक आहे, बाई. ते कठीण आहे. काही वर्षांनी हिला भूक लागायला लागेल. साधी नाही. पोट भरलं हे हिला कधी कळणारच नाही. जेवून उठली तरी भूक. सारखी, दिवसभर, जन्मभर. सांभाळावं लागेल."

महानंदा त्यांच्याकडं बघत राहिली. "भूक लागंल?" ती म्हणाली. "हिला?"

"हो. फार."

आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना. चाळीस दिवस ती बाई पिचकारी वर धरून, थेंब थेंब दूध नाकातून सोडत बसलेली. लेकरानं एकदा तोंड उघडावं म्हणून ओठांवर बोट घासत बसलेली. "मामा, हिला भूक लागनार हाय म्हनं! आपल्या बाळीला! खाऊ दे की. खाऊ दे, काय खायाचं ते. जवारीची पोती लावून ठिवते!" शेजारच्या खाटेवरच्या बाया हसल्या. शिवलिंगाप्पांनी हाताची घडी सोडली आणि पिशव्या पुन्हा खाटेखाली सारल्या. मीसुद्धा हसले. सरांनी काही सांगायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं.

तीन आठवड्यांनी बंगळुराचाही निकाल आला, तोच. आमच्या वहीत निखतनं लाल शाईनं एक रकाना आखला, 'वाढवलं का?' म्हणून. ती पुढं हैदराबादला गेली, मी निवृत्त झाले. रकाना आहे अजून.

मुलीचं नाव शिवलीला ठेवलं. सात वर्षांची आहे. बोलते, भरपूर बोलते, ताल धरते, टाळ तर असा वाजवते! गेल्या वर्षी कीर्तनाला दोघी आल्या होत्या, ह्याच देवळात. माझ्याच शेजारी बसल्या. महानंदा तिशीही न गाठलेली, पण हाडं दिसतायत. घरात स्वयंपाकघराला कुलूप, किल्ली हिच्या गळ्यात. कणकेचा डबा, गुळाची ढेप, म्हशीची पेंडसुद्धा कुलपात. पोरगी कच्चं पीठ खाते. शेजारणींकडं भाकरी मागते, त्या देतात, वर हिलाच बोलतात, केवढीशी पोर, उपाशी ठेवते कैदाशीण. जवारीची पोती लावून ठेवते म्हणाली होती ना? आता घासन् घास मोजून वाढते, आणि पोर रडते तेव्हा जागची हलत नाही. स्वतः काय खाते, कधी खाते, मला कळलं नाही. पोरीसमोर खात नाही एवढं खरं.

आख्यान संपत आलं, मागं पातेल्यांवरची झाकणं वाजली, तशी शिवलीलेची मान वळली. महानंदानं तिला उचललं, सहा वर्षांच्या जडशीळ पोरीला, आणि आरतीआधीच माणसांतून वाट काढत निघाली. पोरगी हात पसरून ओरडत होती. कुणीतरी बोललंच, "देवाच्या दारातून आरती सोडून जाते, कसली ही बाई!" मी उठले, त्या बोलणाऱ्या बाईला काय काय बोलले ते देवानंच ऐकलं. तोवर महानंदा फाटकाबाहेर गेलेली.

बुवा उभे राहतायत बघा. आता बोलायचं नाही. तुमच्याकडं मागणं एकच. कीर्तन संपेल, आरती होईल, द्रोण हातात पडेल. पहिला घास तोंडात घालायच्या आधी क्षणभर थांबा आणि जतच्या महानंदाची आठवण काढा. भूक लागणार म्हटल्यावर हसली होती ती.